संगीत मंडळीतला गद्य नट

नटाचे नशीब मोठे चमत्कारिक असते. कवी जातो, पण त्याची वही मागे राहते. चित्रकार जातो, पण भिंतीवरचे चित्र राहते. गवयाचेही एके काळी काही राहत नसे. पण तबकड्या निघाल्या आणि त्याचा गळा निदान तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांनी तरी शिल्लक राहू लागला. मास्टर दीनानाथांना जाऊन ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यांची ती विजेसारखी तान अजून कोणाच्या तरी घरातून कानावर येते आणि रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबतो. चित्रपटातला नट तर त्याच्याहून भाग्यवान. त्याचे हसणे, रडणे, चालणे, भुवई उचलणे, सारे काही पेटीत बंद असते. पण बोलपट येण्यापूर्वी जो नट रंगभूमीवर उभा राहून गायला नाही, नुसता बोलला, त्याचे मागे काय उरते? चार-दोन छायाचित्रे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी. मग म्हातारेही जातात.

हा प्रश्न माझ्या मनात येतो तो बहुधा चिंतामणराव कोल्हटकरांमुळे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ हातात घेतले की मुले लतिकेविषयी विचारतात, धुंडिराजाला हसतात, कामण्णाची टर उडवतात. आणि मला मात्र दर वेळी वाटते की, या पुस्तकात छापायचे राहून गेलेले एक पात्र आहे. ते पात्र म्हणजे घनश्यामाचे काम करणारा नट.

चिंतामण गणेश कोल्हटकर यांचा जन्म १२ मार्च १८९१ चा, साताऱ्याचा. सातारा म्हटले की लोकांना अजिंक्यतारा आठवतो, कंदी पेढे आठवतात, पलटणी आठवतात. नाटक आठवत नाही. नाटकाचा मान सांगलीचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीत, सांगलीच्या अधिपतींच्या, चिंतामणराव पटवर्धनांच्या, आश्रयाखाली. (साताऱ्याच्या घरात जन्मलेल्या एका मुलाला पुढे हेच नाव मिळावे आणि त्याचीही गाठ शेवटी सांगलीशीच पडावी, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.) ‘शारदा’ लिहिणारे देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. ‘कीचकवध’ आणि ‘मानापमान’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचे. एवढे असल्यावर साताऱ्याला विचारतो कोण?

पण साताऱ्याची म्हणून एक वाट आहे, आणि ती गद्याची आहे. ज्या मंडळीने गणपतराव जोशांचा हॅम्लेट महाराष्ट्राला दाखवला, तिचे नावच ‘शाहूनगरवासी’. आणि शाहूनगर म्हणजे सातारा. तो हॅम्लेट ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणला आगरकरांनी, आणि आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. गणपतराव जोशी गात नसत, बोलत. आणि त्यांचे बोलणे ऐकायला लोक दहा-दहा कोस बैलगाडी हाकीत येत. गद्यालाही एक सूर असतो, एक ताल असतो, दोन शब्दांमधल्या थांबण्यालाही अर्थ असतो, हे या नटांनी शिकवले. चिंतामणरावांची जात याच नटांची.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. तीच कृष्णा पुढे कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि हरिपूरला वारणेला भेटते. साताऱ्याहून सांगलीला जाताना मी पुष्कळदा खिडकीतून ही नदी पाहत असतो. वर ती खळाळते, खाली ती संथ होते, पाणी तेच. चिंतामणरावांचे आयुष्यही असेच साताऱ्याच्या गद्याकडून सांगलीच्या संगीताकडे वाहत गेले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ते ज्या काळात नट झाले, तो काळ गाण्याचा होता. हे आजच्या वाचकाला नीट उमगायचे नाही. नाटकाचा खेळ रात्री सुरू व्हायचा आणि कोंबडा आरवायच्या सुमाराला संपायचा, कारण एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वन्समोअर. कथानक तिथेच ताटकळत उभे. राजा गातो आहे, म्हणून शत्रू बिचारा तलवार उपसून वाट पाहतो आहे! १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमाना’साठी एका रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा मुंबईला जत्रा लोटली, ती दोन गळ्यांची जत्रा होती. अशा काळात ज्याला गाऊन टाळी घ्यायची नाही, त्या नटाने करायचे काय? प्रेक्षक पुढच्या पदाची वाट पाहत आहेत, पिटातला प्रेक्षक चुळबुळ करतो आहे, आणि तुम्हाला दोन पानांचे भाषण म्हणायचे आहे. ध्वनिक्षेपक नाही. किटसनच्या बत्त्यांचा भुर्रर्र आवाज चालूच. त्या सगळ्यावरून आपला शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा. आणि तोही ओरडून नव्हे. कुजबूज करायची ती शेवटच्या बाकाला ऐकू गेली पाहिजे, तरच तो नट.

चिंतामणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. अण्णासाहेबांनी १८८० साली ‘शाकुंतला’ने उभी केलेली ही मंडळी. १९१३ मध्ये बालगंधर्व तिथून बाहेर पडले, आणि त्यानंतर तिथे जो कोवळा मुलगा आला तो दीनानाथ मंगेशकर. पुढे १९१८ साली तिघे जण किर्लोस्कर मंडळीतून निघाले आणि त्यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली : दीनानाथ, कृष्णराव कोल्हापुरे आणि चिंतामणराव. दीनानाथ तेव्हा अठरा वर्षांचेही पुरते नव्हते. चिंतामणराव सत्तावीस वर्षांचे. मंडळीच्या नावात ‘संगीत’. आणि तिच्या तीन खांबांपैकी एक खांब गद्याचा! मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्या गळ्यावर कंपनी चालायची त्या गळ्याच्या शेजारी नुसता शब्द घेऊन उभे राहायचे, याला आत्मविश्वास लागतो. आणि त्याहून जास्त मोठे मन लागते. लोक ज्याच्यासाठी तिकिटे काढतात तो आपण नव्हे, हे ठाऊक असूनही रोज रात्री तोंडाला रंग लावायचा.

फिरती कंपनी म्हणजे एक चालते-बोलते गाव असे. पडदे, पेट्या, कपडे, शेगड्या, आचारी, पेटीवाला, तबलजी, स्त्रीभूमिका करणारी मुले, त्यांना तालीम देणारे मास्तर, द्वाररक्षक, हिशेबनीस. आज या गावी मुक्काम, महिन्याने त्या. पावसाने एक खेळ मोडला की पंगतीतले तूप बंद. एक नाटक चांगले चालले की वर्षाची कर्जे फिटायची, आणि पुढच्या नाटकाच्या पडद्यांसाठी नवी काढली जायची. भागीदाराला दिवसा सावकाराशी बोलायचे आणि रात्री राजाशी. ज्याने रंगभूमीवर खलपुरुष रंगवायचा, त्यानेच दुपारी शंभर माणसांच्या पोटाची काळजी वाहायची, असा तो संसार.

या मंडळीच्या वाट्याला राम गणेश गडकरी आले, आणि तिच्यासाठी त्यांनी लिहिलेले नाटक म्हणजे ‘भावबंधन’. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गडकरी गेले. मरण उंबऱ्याशी आलेले असताना हा माणूस हे विनोदी नाटक पुरे करीत होता. ते रंगभूमीवर आलेले पाहायला ते राहिले नाहीत. त्यांचा ‘एकच प्याला’ही त्यांच्या पश्चातच गंधर्व मंडळीने लावला. ‘भावबंधना’त दीनानाथ लतिका झाले, दामूअण्णा मालवणकर कामण्णा झाले, आणि चिंतामणराव घनश्याम.

घनश्याम म्हणजे काय आहे? वरवर पाहिले तर नाटकातला दुष्ट माणूस. लतिकेवर त्याचे मन बसले. तिने त्याची थट्टा केली, नुसता नकार दिला नाही तर त्याला हास्यास्पद केले. आणि त्या थट्टेचा सूड हेच त्याचे आयुष्य होऊन बसले. गडकऱ्यांनी त्याच्या तोंडी जी भाषा घातली आहे ती मराठीतली अत्यंत अवघड भाषा आहे. एकेका वाक्याच्या पोटात चार-चार उपमा. एक उपमा दुसरीच्या खांद्यावर चढलेली. विरोध, श्लेष, पुन्हा विरोध. आणि क्रियापद गाडीच्या शेवटच्या डब्यासारखे मागून येणारे. नुसते वाचताना माणसाला धाप लागते. समीक्षकांनी या भाषेला कृत्रिम म्हटले, अलंकारांचा सोस म्हटले, आणि मीही वर्गात तसे सांगत आलो आहे. ते खोटेही नाही. परंतु ती भाषा डोळ्यांसाठी लिहिलेलीच नव्हती. ती एका छातीसाठी लिहिली होती. श्वास कुठे घ्यायचा, तो कुठे रोखायचा, कोणत्या शब्दावर थोडे हसायचे आणि हसता हसता कुठे विष पेरायचे, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस कंपनीत आहे, या विश्वासावर गडकऱ्यांनी ती वाक्ये एवढी लांबवली. छापील नाटकात आपल्याला गडकरी दिसतात. त्या विश्वासाला पात्र ठरलेला माणूस दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्गात मी एका मुलाला घनश्यामाचे भाषण मोठ्याने वाचायला सांगितले. पाटण तालुक्यातल्या वाडीवरचा मुलगा, एरवी हजेरीलासुद्धा ‘हजर’ म्हणताना लाजणारा. पहिल्या दोन ओळींना मागची मुले हसली. तिसऱ्या ओळीला त्याचा श्वास तुटला, तो थांबला, आणि चिडून, अगदी खरोखर चिडून, त्याने वाक्य पहिल्यापासून पुन्हा धरले. या वेळी तो तडीला गेला. वर्ग गप्प झाला. मुले हसली होती त्या हसण्याचाच राग त्याच्या आवाजात उतरला होता. आणि घनश्याम तरी दुसरे काय आहे? हसले गेलेला माणूस! मला वाटते, त्या दिवशी वर्गाला घनश्याम जेवढा समजला, तेवढा माझ्या पाच व्याख्यानांनी समजला नसता. शिकवून शिकवून मी जे सांगत होतो ते त्या मुलाने श्वासाने सांगितले.

खलपुरुषाचा राग आणणे सोपे आहे. मिशी पिळली, डोळे गरगर फिरवले, म्हणजे पिटातून शिव्या येतात. अवघड आहे ते त्याच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात एक काटा ठेवून देणे. याची साक्ष मला आमच्या घरातच मिळाली आहे, म्हणून ती सांगतो.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत आजोबा, पंधरा-सोळा वर्षांचे असताना ‘भावबंधन’ पाहून आले. बरोबरची मंडळी लतिकेची पदे गुणगुणत परतली. हे मात्र गप्प होते. आईने विचारले, तेव्हा म्हणाले, “घनश्यामाचा राग आला, आणि घरी येता येता लतिकेचाही आला.” महिन्याभराने ते घरातून नाहीसे झाले. गावात मुक्कामाला असलेल्या एका कंपनीबरोबर गेले होते. पणजोबांनी त्यानंतर त्यांचे नाव टाकले. नाटकात गेलेला मुलगा म्हणजे मेलेला मुलगा, अशी त्या काळच्या पांढरपेशा घराची समजूत. त्यांची पत्रे येत. पणजोबा ती न फोडता चुलीच्या कट्ट्यावर ठेवीत, आणि पणजी ती उचलून देवघराच्या फळीवर ठेवी. वाचता येत नसल्यामुळे तीही ती फोडीत नसे. आमचे हे आजोबा काही चिंतामणराव झाले नाहीत. दहा-बारा वर्षे त्यांनी दुसरा शिपाई, तिसरा भालदार आणि ‘नागरिक व इतर’ एवढीच कामे केली. पुढे त्यांची कंपनी मोडली, आणि ते सांगलीला हळदीच्या एका अडतीवर कारकुनी करीत राहिले. त्यांच्या बोटांची हळद कधी निघाली नाही, असे माझे वडील सांगतात.

त्यांची कंपनी मोडली ती काही एकटी नव्हे. १४ मार्च १९३१ ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला, आणि पुढच्याच वर्षी प्रभातने कोल्हापुरात केलेला ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. नाटकवाल्यांच्या पोटात धस्स झाले. रात्रभर बसून, चटईवर अवघडून, एका दीनानाथांना ऐकण्यासाठी जो रुपाया लागायचा, त्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत अडीच तासांत गाणी, घोडे, राजवाडे, सारे मिळू लागले. शिवाय चित्रपट एकाच रात्री साताऱ्यातही दिसे आणि सांगलीतही. कंपनीला मात्र एका वेळी एकाच गावी राहणे भाग.

बळवंत मंडळीने या काळात हातपाय गाळले होते असे नाही. वीर वामनराव जोशांचे ‘रणदुंदुभी’ तिने केले. १९३१ साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ केले. विश्राम बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ केले. पण तिकीटखिडकी ओस पडत चालली. तेव्हा या मंडळींनी ज्या वाघाने घाबरवले त्याच्याच पाठीवर बसायचे ठरवले. सांगलीत चित्रपट काढायचा! नाटक मंडळीची ‘बळवंत पिक्चर्स’ झाली आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाला. दिग्दर्शक दोन : चिंतामणराव आणि तरुण विश्राम बेडेकर.

ज्या सांगलीत ९१ वर्षांपूर्वी भाव्यांनी पुराणातल्या आख्यानावर मराठी नाटक उभे केले, त्याच सांगलीत पुराणातल्याच आख्यानावर एका नाटक मंडळीने आपले शेवटचे दान टाकले, आणि ते उलटे पडले. चित्रपट चालला नाही. तोही गेला आणि मंडळीही गेली. कारणे शोधायला फार लांब जायला नको. त्याच सुमारास प्रभात कोल्हापूर सोडून पुण्यात आली होती. तिच्याजवळ यंत्रे होती, कारागीर होते, पाच वर्षांचा अनुभव होता. इकडे सांगलीत होते ते तालमीचे, रंगाचे आणि आवाजाचे ज्ञान. आणि हेच ज्ञान कॅमेऱ्यापुढे आडवे येते. रंगभूमीवर नटाने शेवटच्या बाकासाठी बोलायचे. कॅमेऱ्यापुढे त्याने हातभर अंतरावरच्या माणसासाठी बोलायचे. तिथे भुवई दोन अंगुळे उचलावी लागते. इथे ती हलली तरी पुरते. वीस वर्षे लावलेली सवय एका चित्रपटात सोडायची, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला एकाएकी डाव्याने सही करायला लावण्यासारखे आहे. आणि त्या सहीवर घरदार गहाण!

काहींना ते साधले, हे मात्र सांगितले पाहिजे. एके काळी स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस १९३६ साली ‘संत तुकाराम’ झाले, आणि लोकांना त्यांच्यानंतर दुसरा तुकाराम डोळ्यांपुढे येईनासा झाला. गद्य नाटकांत मुरलेले केशवराव दाते १९३७ च्या ‘कुंकू’त त्या जरठ नवऱ्याच्या भूमिकेत असे काही दिसतात की, आजचा विद्यार्थीही तो चित्रपट पाहताना मान खाली घालतो. चिंतामणरावांचे सहकारी दामूअण्णा मालवणकर तर पडद्यावर दुसरा जन्म घेऊन आले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’पासून त्यांच्या त्या तिरप्या नजरेने दोन पिढ्यांना हसवले. ज्याला आज आपण चरित्र अभिनेता म्हणतो, नायक नव्हे पण ज्याच्यावाचून नायक उभा राहत नाही असा नट, तो मराठी चित्रपटाला आयता मिळाला तो या मोडलेल्या कंपन्यांतून. वाडा पडला, पण त्याचे सागवान गावभर घरांना लागले.

युरोपातल्या नटांची चरित्रे वाचताना मला या गोष्टीचे फार वाईट वाटते. पॅरिसची कॉमेदी फ्रान्सेझ १६८० पासून उभी आहे; तिथल्या नटाला मंडळीत वाटा असतो, म्हातारपणी वेतन असते. सर्बियासारख्या लहानशा देशाने बेलग्रेडमध्ये १८६९ साली आपल्या राष्ट्रीय नाट्यगृहाची इमारत उभी केली. अशा घरात नट उमेदवारीला शिरतो आणि केस पांढरे होईपर्यंत राहतो. मधून चित्रपटात पोलीस होतो, शेतकरी होतो, कुणाचा तरी बाप होतो, आणि संध्याकाळी पुन्हा आपल्या रंगमंचावर परत येतो. चित्रपट हे त्याचे अंगण, घर पक्के. इंग्लंडने १८९५ मध्ये हेन्री आयर्व्हिंगला ‘सर’ केले. आमच्या नटाला मात्र घरच नव्हते. तंबू होता, वारा आला, उडाला. दीनानाथांचे सांगलीतले वैभव ओसरले आणि २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

चिंतामणराव राहिले. मंडळी गेली, गळा गेला, भागीदार गेले, शब्द राहिला. आणि इथे या कहाणीला असे वळण लागते की, कोणा नाटककाराने ते योजले असते तर आम्ही त्याला असंभाव्य म्हटले असते. या गद्य नटाने उतारवयात लेखणी हातात घेतली आणि आत्मचरित्र लिहिले : ‘बहुरूपी’. १९५७ साली संगीत नाटक अकादमीने नट म्हणून त्यांचा गौरव केला. आणि १९५८ चे साहित्य अकादमीचे मराठी पारितोषिक ‘बहुरूपी’ला मिळाले. त्या यादीत त्यांच्या आधी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री आहेत, मर्ढेकर आहेत, मागून ग. त्र्यं. देशपांडे आणि खांडेकर येतात. पंडितांच्या, कवींच्या त्या पंगतीत हा तंबूतला माणूस मधल्या पाटावर बसला आहे. आणखी एक गंमत सांगतो. ‘कृष्णार्जुन युद्धा’चे दुसरे दिग्दर्शक विश्राम बेडेकर यांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रालाही १९८५ साली हेच पारितोषिक मिळाले. सांगलीत पडलेल्या एका चित्रपटाचे दोन दिग्दर्शक, आणि दोघांच्याही आत्मकथांना साहित्य अकादमी! अपयशाचे इतके चांगले व्याज क्वचितच कोणाला मिळाले असेल.

पुस्तकाचे नाव किती नेमके आहे पाहा. आजची मुले बहुरूपी विसरली. आमच्या लहानपणापर्यंत तो दारात येत असे. कधी पोलीस होऊन दरडावी, कधी लग्नाचे खोटेच आमंत्रण देई, बायका हसत आणि सुपातून पसाभर धान्य घालीत. सोंग किती चांगले वठले यावर त्याची भाकरी. आणि तरी तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा. रंगभूमीवर राजाचे काम करणाऱ्या, पारितोषिके मिळवणाऱ्या नटाने स्वतःला हे नाव घ्यावे, यात विनय आहे. आणि मला तर त्यात किंचित बोचही दिसते. तुम्ही आम्हाला टाळ्या दिल्यात, आत घेतले नाहीत, असे तर त्यांना म्हणायचे नसेल?

आमच्या घरापुरते बोलायचे तर त्या पुस्तकाने एक दार उघडले. पारितोषिकाची बातमी आली तेव्हा हळदीच्या अडतीवरच्या त्या कारकुनाने ‘बहुरूपी’ची एक प्रत विकत घेतली, ती वाचली, आणि साताऱ्याला थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या आजोबांना, टपालाने पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. पणजोबा तोवर वारले होते. आजोबा शाळामास्तर, पुस्तक म्हटल्यावर ते वाचल्याशिवाय त्यांना राहवेना. तीन दिवसांत त्यांनी ते संपवले, चौथ्या दिवशी शाळेतून रजा घेतली आणि अकरा वर्षांच्या माझ्या वडिलांना घेऊन ते सांगलीच्या मोटारीत बसले. दोघे भाऊ अडतीच्या ओट्यावर समोरासमोर आले. वडील सांगतात, बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आजोबा म्हणाले, “ते घनश्यामाचे म्हणून दाखव.” हळदीच्या पोत्यांमध्ये उभे राहून, ज्याच्या वाट्याला उभ्या जन्मात चार वाक्ये आली नव्हती त्या माणसाने घनश्याम म्हटला. अख्खा. एकही शब्द चुकला नाही. माझे वडील घाबरून आजोबांच्या मागे लपले होते.

तो घनश्याम चिंतामणरावांचा किती आणि आमच्या आजोबांचा किती, हे आता कोणी सांगावे? एकदा पाहिलेले, चाळीस वर्षे छातीत जपलेले, कंपनीच्या विंगेत शंभरदा मनाशी घोळलेले ते बोलणे. परंतु मला पुष्कळदा वाटते की, नटाची खरी तबकडी हीच. ती मेणाची नसते, माणसाची असते. म्हणून झिजते, म्हणून बदलते, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या कामाला येते. ती प्रत आज माझ्याकडे आहे. पुष्कळ पानांच्या कोपऱ्यांवर हळदीच्या बोटांचे ठसे आहेत. कंपनी मोडल्याच्या प्रकरणांवर सर्वांत जास्त.

चिंतामणराव २३ नोव्हेंबर १९५९ ला गेले. त्यांचे चिरंजीव चित्तरंजन कोल्हटकर रंगभूमीवर आणि पडद्यावर नावारूपाला आले. त्यांचे काम चित्रपटांतून आजही पाहता येते. वडिलांचे मात्र ज्याला आपण ‘पाहणे’ म्हणतो तसे आता काही पाहता येत नाही. सांगलीच्या भावे नाट्यगृहात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात हौशी मंडळी अजून अधूनमधून जुनी नाटके लावतात. गाणी कशी म्हणायची हे त्यांना तबकड्यांवरून शिकता येते. घनश्याम कसा बोलायचा हे शिकवणारी तबकडी नाही. तो प्रत्येकाला आपल्याच छातीतून काढावा लागतो.

आणि एका परीने ते बरेच आहे. दीनानाथांची तान घेणारा प्रत्येक जण दीनानाथांपुढे उणाच पडतो, कारण मूळ तान शेजारी वाजत असते. घनश्याम म्हणणाऱ्या मुलाच्या शेजारी कोणी उभे नाही. गडकऱ्यांचे ते लांबलचक वाक्य आहे, आणि ते एका श्वासात तडीला नेता येते याचा पुरावा म्हणून साताऱ्याचा एक माणूस होऊन गेला आहे. एवढे कळले की पुरे. पाटण तालुक्यातल्या त्या मुलाने वाक्य दुसऱ्यांदा धरले तेव्हा मी त्याला चिंतामणरावांविषयी काही सांगितले नव्हते. तास संपल्यावर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग ते श्वास कुठे घेत होते?”

आता दर वर्षी ‘भावबंधना’चा तास मी याच प्रश्नाने सुरू करतो.